रेडिओलॉजिस्ट मॅडम, आमच्या अख्ख्या घराकडून थँक्यू

मॅडम, तुम्ही रोज कितीतरी स्कॅन बघत असाल, त्यात आमचं बाळ तुमच्या लक्षात असेलच असं नाही, पण आम्ही तुम्हाला विसरणार नाही. बाळ आजीजवळ असताना पलंगावरून पडलं, दुसरीकडे काढलेल्या एक्सरेत कवटीवर रेष दिसली आणि फ्रॅक्चर असं लिहून आलं, तेव्हापासून सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नातेवाईकांचे प्रश्न तर विचारूच नका, नक्की पलंगावरूनच पडलं ना, कुणी आपटलं तर नाही ना!

तुम्ही सीटी बघून नुसतं "काही नाही" म्हणून पाठवलं नाहीत, सासूबाईंना स्क्रीनसमोर बसवलंत आणि त्याच स्कॅनमधून थ्रीडी चित्र बनवून कवटी फिरवून दाखवलीत. एक्सरेत पुढची मागची हाडं एकावर एक दिसतात म्हणून घोळ होतो हे तेव्हा कळलं. ताजं फ्रॅक्चर असेल तर रेष सहसा सरळ आणि धारदार असते, वरच्या कातडीला सूज असते, आणि आमच्या बाळाची रेष करवतीच्या दातांसारखी नागमोडी, कडा पक्क्या, दुसऱ्या बाजूला तिथेच तशीच छोटी रेष, आणि टेंगूळ तर भलतीकडेच कपाळावर! डोक्याच्या बाजूचं हाड पोटात असताना दोन ठिकाणांहून तयार होतं, ते पूर्ण जुळलं नाही की असा जास्तीचा सांधा राहतो, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की सासूबाई आता शेजारणींनाही समजावून सांगतात. सांध्यांमधली सुटी हाडं, ती वॉर्मियन बोन्स, तीसुद्धा तपासलीत, कारण ती 10 किंवा जास्त असली तर हाडं ठिसूळ असण्याचा आजार बघावा लागतो म्हणालात. तसं काही नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला.

आणि सगळ्यात मोठे आभार रिपोर्टमधल्या त्या ओळीसाठी. जन्मजात जास्तीचा सांधा, फ्रॅक्चर नाही, असं स्पष्ट लिहिलंत, म्हणजे उद्या पोरगं खेळताना पडलं आणि कुणी नवीन डॉक्टरने एक्सरे काढला तरी पुन्हा हाच गोंधळ नको. लसीकरणाच्या फाईलमध्ये तो रिपोर्ट वरच लावलाय.

तुमच्या टेक्निशियन दादांनाही थँक्यू सांगा, बाळ दूध पिऊन झोपेपर्यंत ते थांबले म्हणून भूल न देता स्कॅन झाला.