मोन्ते कासिनोच्या मठात हट्टाने नेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांना घेऊन मी रोमहून कासिनोला आले ती फक्त स्मारकावरचं चुलत आजोबांचं नाव पाहायला. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पाचव्या मराठा पलटणीतले आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले, देह हाती लागलाच नाही. हिरव्या संगमरवरावर कोरलेल्या चार हजारांवर नावांतून तुम्ही त्यांचं नाव शोधून दिलंत. आमच्या रायगडचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचंही नाव तिथेच दाखवलंत. आम्ही तेवढ्यावरच परतलो असतो. पण "वर डोंगरावरच्या मठात गेल्याशिवाय मोन्ते कासिनोची लढाई कळायची नाही," म्हणून तुम्ही अडून बसलात. त्या हट्टाचे आभार मानायला हे पत्र.

इ.स. 529 च्या सुमारास संत बेनेडिक्टनी अपोलोच्या देवळाच्या जागी हा मठ उभारला. पुढे लोम्बार्ड टोळ्यांनी तो उद्ध्वस्त केला, 883 मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, 1349 च्या भूकंपात कोसळला. बाबा हे सगळं मुकाट ऐकत होते. ते खुलले, ते तुम्ही 960 सालचा जमिनीचा तंटा सांगितलात तेव्हा. मठाच्या जमिनीवर एका जमीनदाराने दावा लावला आणि साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं, की या हद्दीतली जमीन तीस वर्षं मठाच्याच ताब्यात आहे. निवाडा लॅटिनमध्ये, साक्ष मात्र लोकांच्या बोलीत जशीच्या तशी उतरलेली. इटालियन भाषेतल्या सर्वांत जुन्या नोंदींत ती मोजतात. "म्हणजे वहिवाटीचाच खटला की!" असं म्हणून बाबांनी तुम्हाला आमच्या बांधाची अख्खी हकिगत ऐकवली. तुम्हीही ती मन लावून ऐकलीत.

हा कागद महायुद्धातून बचावला कसा, तेही तुमच्याकडूनच कळलं. 1943 च्या शरदात श्लेगेल आणि बेकर या दोन जर्मन अधिकाऱ्यांनी मठाचं दप्तर आणि ग्रंथ ट्रकांत भरून हलवले, ते पुढे रोमला सुरक्षित पोचले. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन सैनिक नव्हते. आसऱ्याला आलेली गावकरी माणसं होती, त्यातली कितीतरी मेली. जर्मन शिरले ते नंतर, ढिगाऱ्यात.

बॉम्बफेकीचा आग्रह धरणाऱ्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे इंग्रज सेनापती टकरही होते, हे तुम्ही बाबांपासून लपवलं नाहीत. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उतारावर मेली ती आपली राजपुताना रायफल्सची नि गुरख्यांची पोरं. त्यांना कोण विचारणार होतं?" तुम्ही त्यांना खाली गारी नदी दाखवलीत. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने ती ओलांडली, आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा बटालियनही होती. स्मारकावरच्या नावापेक्षा मला ते नदीचं पात्र आजोबांच्या जास्त जवळचं वाटलं.

मठ पूर्वी होता तसाच पुन्हा बांधला आणि 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याची प्रतिष्ठापना केली, हे मला पुस्तकातही वाचता आलं असतं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हात धरून, त्याच्या प्रत्येक प्रश्नाला मराठीत उत्तर देत तो मठ दाखवणारं माणूस मला कुठे मिळालं असतं? तेही ओळखदेख नसताना, स्वतःचा रविवार मोडून.

आमच्या गावातल्या आणखी दोन घरांतली माणसं त्याच स्मारकावर आहेत, असं आता कळलंय. त्यांची नातवंडं पुढच्या वर्षी यायचं म्हणताहेत. त्यांना तुमच्याकडे पाठवू ना?

तुमची,
रायगडची एक बहीण