बाबा, मी प्रयोगशाळेत का चालले आहे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत, "एवढी वर्षं घालवून हातात कला आली, आता ती सोडून प्रयोगशाळेत बसून काय करणार?" मळ्यात रेंज नीट नसते आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. आईलाही वाचून दाखवा. तिचा चष्मा बदलून झाला नसेल अजून.

आधी एक सांगते, मी हृदयाची ऑपरेशनं सोडत नाहीये. आठवड्यातले काही दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये आणि बाकीचे प्रयोगशाळेत, असं ठरलंय. गाव मात्र लांबचं, तिरुअनंतपुरम. तेच का, हे कळायला तुम्हाला डॉ. एम. एस. वलियाथन यांच्याविषयी सांगायला हवं.

हे केरळातल्या मावेलिकराचे, जन्म 1934 चा. इंग्लंडात शिकले, मग अमेरिकेत हृदयाच्या शस्त्रक्रिया शिकले. तिथे ते चार्ल्स हफ्नेगल यांच्याकडे होते. माणसाच्या शरीरात पहिला कृत्रिम व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या झडपेचं काम करणारा, बसवला तो याच हफ्नेगलांनी, 1952 साली. म्हणजे विद्या थेट उगमाशी जाऊन घेतली होती. तिथेच राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. 1974 मध्ये ते तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय केंद्रात आले. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेली इमारत होती, बाकी सगळं उभं करायचं होतं.

तेव्हा परदेशी व्हॉल्व्ह इतका महाग होता की ज्याला गरज होती त्याला तो परवडतच नव्हता. कारण हा आजार मुळात गरिबांच्या घरातला. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, चार दिवसांनी पोर खेळायला लागतं आणि सगळे विसरून जातात. पुढे विशी-पंचविशीत जिना चढताना धाप लागते, तेव्हा कळतं की हृदयातली झडप जाड होऊन आखडलीये. ऱ्हुमॅटिक हार्ट म्हणतात ते हेच. आपल्या भागातून येणारे कितीतरी पेशंट मी यातलेच पाहिलेत.

वलियाथनांनी ठरवलं की व्हॉल्व्ह इथेच बनवायचा. बाबा, आपल्या विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह डोळ्यांसमोर आणा. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हृदयातल्या झडपेचंही काम तेवढंच. पण मिनिटाला 70 ठोके धरले तरी ती वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडमीट करते, आणि बिघडली तर छाती उघडावी लागते. तिच्यावरून सतत रक्त वाहत असतं, आणि परकी वस्तू दिसली की गोठायचा रक्ताचा स्वभावच असतो. म्हणून धातू कुठला, चकती कशाची, ती किती अंशात कलावी, यातली एकेक गोष्ट ठरवायला वर्षं जातात.

त्यांचा पहिला नमुना यंत्रावरच्या चाचणीत मोडला, जोडकाम केलेल्या जागी. दुसऱ्यात टायटॅनियमचा सांगाडा झिजायला लागला. तिसऱ्याची चकती कृत्रिम नीलमाची होती, दिसायला देखणी आणि भयंकर कठीण. तो मेंढ्यांच्या हृदयात बसवला. मेंढ्या बऱ्या झाल्या, चरू लागल्या, सगळ्यांना वाटलं जमलं. आणि एका मेंढीच्या हृदयात ती चकती फुटली. तोही नमुना रद्द. मला या माणसाविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. तीन नमुने, प्रत्येकामागे काही वर्षं, सरकारी पैसा, लोकांचे प्रश्न, आणि दुसरीकडे रोजची ऑपरेशनं चालूच. "बाकीच्या मेंढ्या ठीक आहेत ना" असं म्हणून पुढे जाता आलं असतं. ते गेले नाहीत.

चौथ्या नमुन्यात कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा घेतला आणि चकती घेतली एका फार चिवट प्लास्टिकची. आत्याच्या गुडघ्यात जे बसवलंय, त्याच जातीचं. नीलम हरला आणि प्लास्टिक टिकलं. शिवाय प्लास्टिकच्या चकतीचा आवाज कमी येतो. धातूच्या व्हॉल्व्हची टिकटिक रात्री उशीवर ऐकू येते म्हणून झोप न लागणारे पेशंट असतात, त्यांना याची किंमत विचारा. 6 डिसेंबर 1990 रोजी हा व्हॉल्व्ह पहिल्यांदा माणसाला बसवला. मग सहा रुग्णालयांत मिळून 306 पेशंटना बसवून वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला, आणि त्याचे एकत्रित निष्कर्ष छापून आले 2001 मध्ये. हा चित्रा व्हॉल्व्ह आजवर एक लाखाहून जास्त लोकांना बसवला गेलाय. वलियाथन स्वतः दिवसरात्र ऑपरेशन करत राहिले असते तरी एवढ्या लोकांपर्यंत त्यांचे हात पोचले नसते. इंजिनिअर, धातू जाणणारे, प्राण्यांचे डॉक्टर असे सगळे मिळून ते काम झालं, हेही खरं.

त्यांचं आणखी एक काम आहे, ज्याला यश आलं असं म्हणता येणार नाही, पण मला ते व्हॉल्व्हच्या तोडीचं वाटतं. केरळात तेव्हा एक विचित्र आजार होता, हृदयाच्या आतलं अस्तर घट्ट पांढरं होऊन जायचं. पेशंट बहुतेक लहान वयाचे आणि गरीब. सर्जन म्हणून ते अस्तर सोलून काढायचं ऑपरेशन त्यांना येत होतंच. पण हा आजार इथे इतका का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम, सेरियम सापडतात. ते मातीतून, अन्नातून शरीरात जातात का, आहारात मॅग्नेशियम कमी असलं की ते हृदयाला बाधतात का, हे त्यांनी तपासलं. ठाम पुरावा मिळाला नाही. राहणीमान सुधारलं तसा आजारच कमी होत गेला. पण ऑपरेशन टेबलावरून उठून वाळूपर्यंत जाणारा सर्जन मला दुसरा माहीत नाही. पुढे निवृत्तीच्या वयात ते चरक-सुश्रुतांच्या अभ्यासाला लागले. 2005 मध्ये पद्मविभूषण मिळालं, जुलै 2024 मध्ये नव्वदीत गेले.

मी मुंबईत केईएमला शिकत होते तेव्हा तिथले जुने हृदयसर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचं नाव कानावर पडायचं. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळतं, मग माणसाच्या हृदयाला बारीक छिद्रं पाडून तसं रक्त देता येईल का, यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये निबंध छापला. पुढे लेझर वापरून ती कल्पना जगभर करून पाहिली गेली, पण फारशी रुजली नाही. 16 फेब्रुवारी 1968 ला त्यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं, त्यानंतर अडीच महिन्यांत. पेशंट काही तासच जगला. तेव्हा आपल्याकडे मेंदूमृत्यू मान्य करून अवयव घेऊ देणारा कायदासुद्धा नव्हता. तो 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. मध्ये 26 वर्षं गेली. बाबा, तुम्ही म्हणाल, मग सेनांच्या हाती काय लागलं? मला वाटतं, कुणीतरी आधी दार ढकलून पाहावंच लागतं. आई म्हणेल, ते तूच का? तेच आता सांगते.

मागच्या वर्षी रात्री एक मुलगी आली. माझ्याहून बरीच लहान, व्हॉल्व्ह आधीच बदललेला, पोटात तीन महिन्यांचं बाळ. धातूचा व्हॉल्व्ह असला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला घातक ठरू शकते. हिला कुणीतरी सांगितलं, गोळीने बाळ अपंग होतं. हिने गोळी बंद केली, दुसरं काहीच सुरू झालं नाही. आली तेव्हा ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस. हृदय थांबवून डावा कप्पा उघडला तर चकती अर्धी उघडी अडकलेली, कडेने तपकिरी-लाल गुठळी चिकटलेली, ओल्या शेवाळासारखी मऊ. चिमट्याने ती ओढून काढली तशी चकती बोटाच्या स्पर्शाने पुन्हा हलायला लागली. मुलगी वाचली. बाळ नाही.

तिला दोष देता येत नाही मला. प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह बसवला तर गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण तरुण वयात तो लवकर खराब होतो आणि पुन्हा छाती उघडावी लागते. गोळी घेत राहायची तर दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला तालुक्याला जायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची. आपल्याकडच्या तरुण बाईसाठी आज तरी धड पर्याय नाही. असे व्हॉल्व्ह मी आणखी पंचवीस वर्षं बसवत राहीन, चांगले बसवीन. पण रक्त पातळ न करता वर्षानुवर्षं चालेल असा व्हॉल्व्ह, लवचिक पॉलिमरच्या पाकळ्यांचा, यावर जगात बऱ्याच ठिकाणी काम चाललंय. मला त्या कामात उतरायचंय. पाकळी कुठे वाकते, कुठे चिरते, गुठळी नेमकी कुठे धरते, हे टेबलावर उघड्या हृदयात पाहिलेल्या माणसाची तिथे गरज असते. माझ्या हातातली कला तिथे वाया जाणार नाही, बाबा.

होईलच असं वचन देत नाही. वलियाथनांना चौथ्या नमुन्यापर्यंत जावं लागलं, मला कदाचित पाचवाही पाहायला मिळणार नाही.

आता पैशांचं. पगार जवळपास निम्मा होईल. घराचा हप्ता मी बसवून पाहिला, जमतोय. गाडी विकते आहे. मळ्यातल्या ठिबकसाठी देते म्हटलं होतं ते पैसे याच महिन्यात पाठवते, त्यात बदल नाही. आईच्या तपासण्या आणि बीपीच्या गोळ्यांचंही सांगलीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. दर तीन महिन्यांनी जायचं, आई, "बरं वाटतंय" म्हणून चुकवायचं नाही. दादा जवळ आहे म्हणून मी निर्धास्त आहे, पण त्याच्यावर सगळं टाकणार नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघते, त्याआधी चार दिवस घरी येते. ऑक्टोबर छाटणी उरकली की तुम्ही दोघं तिकडे या. मिरजेहून गाडीचं मी पाहते. प्रयोगशाळेत तो व्हॉल्व्ह हातात घेऊन दाखवीन. बाबा, तुम्हाला त्याच्या बिजागरीवर नक्कीच काहीतरी सुचेल आणि मला ते ऐकायचंय.

तुमची,
ताई