हिरवा स्टिकर म्हणजे हमी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखीम आढळली तर माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लागतो, नाही तर हिरवा. २०१६ पासून चालत आलेल्या या अभियानाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती एकदा हिरवा लागला की पुढे कोणी त्याकडे वळून पाहत नाही, याबद्दल.

काही जोखमी पहिल्याच भेटीत कळतात. वय अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढे, उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी, आधीचे सिझर, आधी दगावलेले बाळ, दोन बाळंतपणांत दोन वर्षांहून कमी अंतर, आरएच निगेटिव्ह रक्तगट. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. या बहुधा नोंदल्याही जातात. घात करतात त्या मागाहून उगवणाऱ्या. गरोदरपणातला रक्तदाब २० आठवड्यांनंतर चढतो, तोही बरेचदा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. पहिल्या भेटीत साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी पुन्हा पाहावी लागते. १४० (मिलिग्रॅम) किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही दुसरी चाचणी राहून जाते, कारण पहिली ‘नॉर्मल’ असते.

सरकारी वेळापत्रकात किमान चार तपासण्या आहेत: १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. तिसरी तपासणी २८ व्या आठवड्यातच उरकली, तर पुढचे आठ आठवडे कोणी बीपी पाहिले नाही तरी कागदावर सगळे वेळेत झालेले असते. नेमके याच दिवसांत ओटी भरून मुलगी माहेरी जाते. सासरच्या आरोग्यसेविकेच्या यादीत ती ‘बाहेरगावी’, माहेरच्या आशाताईंच्या यादीत ती नाहीच, आणि कार्ड सासरच्या कपाटात. ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेली टोळी उन्हाळ्यातच परतते. फडावरच्या बाईचे बीपी कोणी घ्यायचे हे ठरलेलेच नसते. आरसीएच या माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर प्रत्येक मातेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो कार्डावर ठळक लिहावा, कार्डाचा फोटो तिच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि गाव सोडताना इकडच्या सेविकेने तिकडच्या सेविकेला एक फोन करावा. याला नवी योजना लागत नाही.

बीपी मोजण्यातही गफलती होतात. चालत आलेल्या बाईला आधी पाच मिनिटे पाठ टेकून बसू द्यावे, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर हवा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वाढतो. १४०/९० किंवा जास्त आले तर लघवीतली प्रथिने तपासून चार तासांनी पुन्हा मोजायचे. १६०/११० आले तर मात्र चार तास वाट पाहायची नसते. घरी चढलेल्या बीपीची लक्षणे ‘पित्त’ या एका शब्दात गुंडाळली जातात: डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, उलटी. पायांवर थोडी सूज पुष्कळ जणींना येते. चेहरा सुजला, बांगड्या घट्ट झाल्या तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्यावे. बीपी फार चढून झटके आले किंवा येण्याची चिन्हे दिसली, तर नुसते गाडीत घालून पुढे पाठवू नये. निघण्याआधी झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम असा १० ग्रॅम, उपकेंद्रातही देता येतो. मागच्या खेपेला हा त्रास झाला असेल तर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणारीच्या बाबतीत ही संधी गेलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर महिला रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की लोहाची रोजची एक लाल गोळी पुरत नाही, दोन लागतात. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढले नाही तर ‘गोळ्या चालू ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे. वरच्या रुग्णालयात पाठवून कारण शोधावे, गरज पडल्यास शिरेतून लोह द्यावे. गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी, नाही तर लोह अंगी लागत नाही. या गोळीने शौचाला काळे होते. बाळ काळे होत नाही!

या रक्तक्षयाचा हिशेब बाळंतपणाच्या टेबलावर होतो. धडधाकट बाई सोसेल एवढा रक्तस्राव ७ हिमोग्लोबिन असलेलीचा जीव घेऊ शकतो. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत द्यायचे असतात, पण हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेलेल्या फ्रीजमधली कुपी दिसायला तशीच असते, गर्भाशय मात्र आवळले जात नाही. हिरव्या स्टिकरवालीलाही हा रक्तस्राव होतो. म्हणून लाल यादीतल्या बायांपुरती रक्ताची आणि १०८ गाडीची तयारी ठेवणे हा भ्रम आहे.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशात ९७, केरळात १९. कोणत्या आकड्याशी तुलना करायची हे आरोग्य खात्याने ठरवावे.

रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो, म्हणजे बहुतेक जणी घरी गेल्यावर. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला जातातच, वजनकाटा बरोबर असतो. त्याच पिशवीत बीपीचे यंत्र द्यावे, आणि तिसऱ्या व सातव्या दिवसाचे आईचे बीपी बाळाच्या वजनाशेजारी लिहिण्याची सक्ती करावी.

आपले,
प्रसूतिशास्त्र व सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही डॉक्टर आणि परिचारिका