बाबांचा रिपोर्ट काकांना दाखवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "केमो दिली नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले." आई शेजारीच होती, म्हणून जास्त बोलले नाही. पण तसं अजिबात नाही. तुमची गाठ दुसऱ्या स्टेजची होती, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या एकाही लसीका ग्रंथीत कॅन्सर सापडला नाही. त्यातून तुमचा कॅन्सर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यातून आलेल्या जनुकाच्या बिघाडामुळे होणारा. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरमध्ये असे जेमतेम तीन. या प्रकारात दुसऱ्या स्टेजला केमोच्या नेहमीच्या फाइव्ह-एफयू औषधाचा उपयोग होत नाही आणि गाठ परत येण्याची भीतीही कमी असते. मग उगाच जुलाब आणि तोंड येणं कशाला सोसायचं?

पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं तुमच्या गाठीच्या तुकड्यावर तपासली. त्यातली एमएसएच2 आणि एमएसएच6 ही दोन दिसलीच नाहीत. नंतर रक्त तपासलं तेव्हा एमएसएच2 च्या जनुकातला बिघाड सापडला. तो जन्मापासूनचा आहे, तुमच्या खाण्यापिण्याने आलेला नाही.

आक्काआत्याचं गर्भाशय चाळिशीतच कॅन्सरने काढावं लागलं होतं. लिंचमध्ये बायकांना तोही कॅन्सर होतो. तेव्हा आपण नशिबाला बोल लावला.

आई, काकांच्या नीताचं लग्न ठरतंय म्हणून रिपोर्ट झाकून ठेवावा, असं तुला वाटतं. तुझी काळजी कळते गं, पण मला हे पटत नाही. अण्णाकाका बाबांचे सख्खे भाऊ, त्यांच्यात हा बिघाड असण्याची शक्यता निम्मी आहे. नसेल तर नीताही सुटली. असेल तर तिचंही रक्त तपासायचं, आणि ज्याच्यात निघेल त्याने दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची. आतड्यात पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल असा कोंब, दिसला की तिथल्या तिथे काढतात, कॅन्सर होईपर्यंत थांबावं लागत नाही. तुमच्या वेळी हे कुणाला माहीत असतं तर, बाबा, रक्त कमी आहे म्हणून वर्षभर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर निघालं नसतं.

मीही रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. काहीही आलं तरी "माझ्यामुळे पोरीला" हे पुन्हा तोंडातून काढू नका. तुम्हालाही ते कुणाकडून तरी आलंच ना?

रविवारी सकाळच्या एसटीने येते. काका-काकूंना जेवायलाच बोलवा. फाइल कपाटातून काढून ठेवा, मी समजावून सांगेन.

तुमची,
रेखा