नाना पेठेतल्या वायरिंगवाल्या काकांना, अँटेनाबद्दल थँक्यू

काका नमस्कार,

तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, पण तुमचा मुलगा दुकानात सारखा मोबाईल बघत असतो, तो दाखवेल बहुतेक. मी तो, ज्याच्या गाडीच्या छतावर मागच्या बाजूला अँटेनाच्या जागी चिकटपट्टीनं पिशवीचा तुकडा लावलेला होता आणि ते बघून तुम्ही आधी पोटभर हसलात.

गाडी मशीनवर धुवायला दिली होती, परत आली तर दांडी गायब, नुसतं बुड शिल्लक. कुठं धुतली ते लिहीत नाही, जाऊ दे. रेडिओवर नुसती खरखर, आणि आमच्या बाबांना सकाळी तळजाईला फिरायला सोडताना 7 वाजून 5 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या गाडीतच लागतात, त्याही 792 वर, पुणे केंद्र. मोबाईलवर लावून देतो म्हटलं तर म्हणतात गाडीत रेडिओ आहे ना मग तो कशाला ठेवलाय.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन-तीन दुकानं फिरलो, सगळीकडे एकच, शार्क फिन (माशाच्या पंखासारखा दिसणारा छतावरचा अँटेना) घ्या साहेब, मस्त दिसतं, झाकलं पण जाईल. तुम्ही तसलंच एक फिन गल्ल्याशेजारून उचलून उलटं करून दाखवलंत, आत पोकळ, खाली फक्त डबल टेप! वायर नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. म्हणालात ही टोपी आहे, अँटेना नाही. आतून वायर असलेली पण मिळतात पण ती बुडाच्या स्क्रूला नीट टेकली पाहिजेत, नाहीतर दिसायला फिन आणि आत खरखर. स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका म्हणून सांगणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला काका.

आणि खरी गोष्ट तर पुढची. दुसरा कोणी असता तर दांडी लावून पैसे घेऊन मोकळा झाला असता. तुम्ही आधी बुडाच्या आट्यात वायरचा तुकडा अडकवून रेडिओ लावला, विविध भारती 101 वर आलं पण लांबून कुठूनतरी आल्यासारखं, आणि तुम्ही म्हणालात नवी दांडी लावली तरी असंच येणार. मग गाडीचा टेप, म्हणजे रेडिओ, बाहेर ओढला तर मागे निळी वायर मोकळी लोंबत होती. बुडात सिग्नल वाढवणारा छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला टेपकडून 12 व्होल्ट मिळावे लागतात हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी टेप बदलला तेव्हा बसवणाऱ्यानं ती जोडलीच नव्हती, आम्ही आपले समजत होतो की सिंहगड रोडला रेंजच कमी आहे :) तुम्ही ती जोडली, टेस्ट लॅम्प लावून बुडाला करंट पोचतोय ते बघितलं, आणि मग तोच वायरचा तुकडा आणि तेच स्टेशन, एकदम खणखणीत.

दांडी तेव्हा तुमच्याकडे नव्हती, बारीक आट्याची होती, आमच्या गाडीला जाड आट्याची लागते. पान्यानं दाबून बसवली असती तर बसलीही असती आणि बुडाचे आटे गेले असते. तुम्ही ऑर्डर दिली आणि तोवर त्या भोकात मापाचा छोटा बोल्ट, खाली रबरी वायसर. मी मध्येच म्हटलं एम-सील लावून टाकू का, तर तुम्ही असं बघितलंत की बास. पण बरोबर होतं तुमचं, एम-सील आट्यात गेलं की दांडी परत फिरत नाही, मग अख्खं बुड बदला, आणि त्यासाठी छताचं कापड उतरवा. आणि उघडं ठेवलं तर पाणी वायरीच्या कडेनं छताच्या कापडात मुरतं, डिकीपर्यंत जातं, वास येतो तेव्हा कळतं. आमच्याकडे त्याच आठवड्यात धो धो पडला आणि कापड कोरडं ठणठणीत राहिलं.

मी विचारलं होतं एवढीशी दांडी कशी पुरते, तर तुम्ही तुटलेली एक सोलून दाखवलीत, आत बारीक तार गुंडाळलेली. घरी येऊन हिशोब केला, 101 मेगाहर्ट्झची लाट साधारण 3 मीटर, तिचा पाव भाग म्हणजे पाऊण मीटर दांडी हवी, ती तार गुंडाळून आखूड करतात. आणि 792 किलोहर्ट्झची लाट तर जवळजवळ 379 मीटर! तिथं कुठलीच दांडी पुरी पडणार नाही, म्हणून त्या निळ्या वायरीचं एवढं महत्त्व. बाबांना सांगितलं, ते म्हणाले बातम्या ऐकू दे.

वायर जोडायचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, फक्त दांडीचे घेतलेत, ते मला पटलेलं नाही. पुढच्या वेळी हॉर्नचं काम घेऊन येतोय तेव्हा नीट लावा. आणि हो, आमच्या सोसायटीतल्या एकाची पण दांडी गेलीय, त्याला तुमचा पत्ता दिलाय. तो शार्क फिनच मागेल आणि घासाघीस करेल, त्याचं अजिबात ऐकू नका, आधी निळी वायर बघा.

तुमचा,
पिशवीवाला