दिवाळीपूर्वी जाळी बसेल, असे सांगितले होते

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यातील पूल, रस्ते आणि कालवे यांची कामे ज्या खात्याच्या मंजुरीने होतात, त्या खात्याचे प्रमुख म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहणारी, सहासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. हेच निवेदन मी आपल्याकडे गुजरातीतून रीतसर पाठवले असून त्याची पोच माझ्याजवळ आहे. मराठीतून ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, आमच्या शहरातल्या मराठी घरांत आत्महत्या या विषयावर दार लावूनच बोलले जाते, आणि त्या लावलेल्या दाराचा फायदा आजवर आपल्या खात्यालाच मिळत आला आहे.

मागच्या मंगळवारी मला एका कार्यालयाकडून चार ओळींचे उत्तर आले. त्याचा मराठी अर्थ असा: सदर पुलावर संरक्षक जाळी बसविण्यासाठी चालू आर्थिक वर्षात तरतूद नाही, तसेच सदर ठिकाणी अशा घटनांची संख्या प्राधान्य देण्याइतकी असल्याची नोंद या कार्यालयाकडे नाही. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

पुलाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा जागांची नावे छापली, की त्या जागांकडे आणखी पावले वळतात, म्हणून ती छापू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना वृत्तपत्रांना सांगत आली आहे. आपल्या कार्यालयांना ते नाव माहीत आहे, कारण गेल्या श्रावणात आमच्या वाड्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा तिथून गेल्यावर त्यांचेच अधिकारी आमच्याकडे आले होते. हा मुलगा आठवीपासून माझ्याकडे गणित शिकायला येत असे. गणपतीच्या आरतीला झांजा त्याच्याच हातात असत. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्याचा अधिकार त्याच्या आईवडिलांचा आहे.

त्या बैठकीला आम्ही चाळीसएक माणसे होतो. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसे टेप घेऊन पुलावर गेली आणि त्यांनी दोन्ही बाजूंचे कठडे मोजून खडूने खुणा केल्या. दिवाळीपूर्वी जाळी बसेल, असे त्या मुलाच्या वडिलांना सांगण्यात आले. ते मागायला गेले नव्हते. अधिकारी आपण होऊन त्यांच्याजवळ जाऊन तसे बोलले. एका पावसात खडूच्या खुणा पुसल्या गेल्या. दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, आणि त्यानंतर पुलाच्या तोंडाशी एक फलक लागला. त्यावर गुजरातीत लिहिले आहे की, आपघात करणे गुन्हा असून कायदेशीर कारवाई केली जाईल.

गुजरातीतला आपघात म्हणजे आत्महत्या आणि मराठीतला अपघात म्हणजे अपघात. बडोद्याच्या मराठी माणसाचे सारे दुःख या एका कान्यात लपवता येते. पुण्या-सांगलीच्या नातेवाइकांना फोनवर 'अपघात झाला' असे सांगितले जाते, ते तसे ऐकून घेतात, आणि तेराव्यापर्यंत कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही तसेच सांगितले होते. चौदा वर्षांपूर्वी आमच्याच घरावर तशी पाळी येता येता राहिली, तेव्हाही मी जगाला हेच सांगितले होते. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी फलकाबद्दल. महोदय, त्यावर जो मजकूर आहे तो कायदा आता अस्तित्वात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे लागते आणि तिला शिक्षा करता येत नाही. तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे आणि तिचे पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्याच कायद्याचे कलम 29 आत्महत्या कमी करण्याच्या कार्यक्रमांची आखणी आणि अंमलबजावणी सरकारवर सोपवते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंडसंहितेतले जुने कलम 309 राहिलेच नाही. सरकारी नोकराला वेठीस धरण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा आहे. म्हणजे जनतेच्या पैशातून एक फलक रंगवून घेतला गेला, तो आयुष्याच्या सर्वांत वाईट रात्री पुलावर आलेल्या माणसाला धमकी देतो, आणि ती धमकी खोटी आहे. त्याच पत्र्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लिहिता आला असता. तो केंद्र सरकारचाच आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, त्यावर दिवसरात्र कधीही विनाशुल्क बोलता येते आणि गुजरातीतही बोलता येते. रंगाऱ्याला तेवढ्याच रंगात पाच आकडे काढता आले असते.

नोंद नाही, या वाक्यावर मी दोन रात्री जागले आहे. अशा मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते. ती ठाण्याच्या वहीत राहते, तिथून बेरीज होऊन जिल्ह्याला, राज्याला आणि दिल्लीला जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या झाल्याचे छापले आहे, त्यांची कारणे, वये आणि व्यवसाय छापले आहेत. परंतु कोणत्या पुलावर किती, हे त्यात सापडत नाही. पूल ज्यांचा आहे ते म्हणतात आमच्याकडे नोंद नाही, नोंद ज्यांच्याकडे आहे ते म्हणतात पूल आमचा नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने देशाचे पहिले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले, त्यात 2030 पर्यंत आत्महत्यांचे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचे ठरले, आणि नोंदींवर देखरेख ठेवणारी यंत्रणा तीन वर्षांत उभी करायचीही ठरले. ती तीन वर्षे संपली, आणि माझ्या हातात 'नोंद नाही' असे सांगणारा कागद आला आहे.

त्या दिवशी बैठकीत एक कनिष्ठ अधिकारी हळूच म्हणाले होते, बेन, ज्याला जायचेच आहे तो दुसरीकडे जाईल, जाळी लावून काय होणार? ते दुष्ट नव्हते. शहरातली निम्मी माणसे हेच मानतात, आणि बहुधा आपणही मानत असाल. म्हणून आता चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. नोकरी गेली होती आणि कर्ज होते. आम्हाला त्याने दोन्ही सांगितले नव्हते. मार्गशीर्षातल्या एका पहाटे तो घराबाहेर पडला आणि एका पुलावर जाऊन उभा राहिला. तिथून एक दूधवाला चालला होता. त्याने सायकल थांबवली आणि विचारले, "भाई, केटला वाग्या?" भावाच्या मनगटावर घड्याळ होते. त्याने घड्याळ पाहिले आणि वेळ सांगितली. दूधवाला पुढे गेला नाही. त्याने चहाचे विचारले, कॅन धरून चालायला सांगितले, आणि पुलाच्या टोकाच्या लारीवर दोघे बसले. उजाडल्यावर तोच त्याला घरी घेऊन आला. दार मी उघडले. दूधवाल्याला मी पाणीसुद्धा विचारले नाही, आणि त्याचे नाव आम्हाला आजही ठाऊक नाही.

भावावर दोन वर्षे उपचार झाले, कर्ज हप्त्याहप्त्याने फिटले. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याची मुलगी, जी त्या पहाटे पाळण्यात होती, यंदा दहावीला आहे. पुढे तो कुठेही गेला नाही, कोणत्याही दुसऱ्या पुलाकडे वळला नाही. हे पत्र मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे आणि या परिच्छेदातला एक शब्द त्याने स्वतः दुरुस्त केला आहे.

एका घराची गोष्ट पुरावा होत नाही, हे शिक्षिकेला कळते. म्हणून मी वाचत गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात ज्या 515 जणांना अडवून परत आणले गेले, त्यांचा पुढचा माग रिचर्ड सायडन या संशोधकाने काढला आणि 1978 मध्ये प्रसिद्ध केला: सुमारे 94 टक्के माणसे एकतर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणाने वारली होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावर 1998 मध्ये कुंपण बसवले आणि तिथले मृत्यू निम्म्यावर आले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ग्राफ्टन पुलावरचे कुंपण 1996 मध्ये काढून टाकले गेले. मृत्यू इतके वाढले की 2003 मध्ये ते पुन्हा बसवावे लागले. माणूस त्या क्षणी ज्या गर्तेत असतो तो क्षण पुष्कळदा ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंत त्याला कोणीतरी किंवा काहीतरी अडवून धरावे लागते. माझ्या भावाला दूधवाला भेटला. आमच्या वाड्यातल्या मुलाच्या वेळी पुलावर कोणी नव्हते, आणि पहाटे कोण जाईल कोण नाही यावर सरकारने विसंबून राहता कामा नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

पैसे नाहीत, हे मला मान्य नाही. उत्तरायणाच्या दिवसांत दुचाकीस्वारांच्या गळ्याला मांजा लागू नये म्हणून आपल्या शहरांतल्या उड्डाणपुलांवर तारा बांधल्या जातात, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी पुलांवर लोकांनी निर्माल्य नदीत टाकू नये म्हणून उंच जाळ्या आहेत. नदीत फुले पडू नयेत म्हणून जाळीला पैसे मिळतात. 2015 च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की मून आमच्या बडोद्यात आले आणि नर्मदेच्या कालव्यावर उभारलेल्या 10 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचे त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यासाठी कालव्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी सांगाडे उभे राहिले होते. तेव्हा लोखंड मिळाले, अभियंते मिळाले, निधी मिळाला. त्याच कालव्यांच्या काठी वस्तीजवळ कुंपण मागितले, ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि धरायला साखळ्या मागितल्या, की तरतूद नसते. त्या पायऱ्या कपडे धुणाऱ्या बायकांना, गुराख्यांना आणि पाय घसरलेल्या पोरांनाही उपयोगी पडतील, हेही कोणी लक्षात घेत नाही.

आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. 18 जानेवारी 2024 रोजी याच शहरात हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. 9 जुलै 2025 रोजी पादरा तालुक्यात गंभीरा पूल मही नदीत कोसळला आणि वाहनांसह माणसे खाली गेली. दोन्ही वेळा चौकशी झाली, मदत जाहीर झाली, तत्परता दिसली. ती तत्परता एकाच दिवशी पुष्कळ माणसे गेली तरच येते, असा आमचा अनुभव झाला आहे. आमच्या पुलावर एकेक माणूस जातो, महिन्यांच्या अंतराने जातो, आणि त्याचे घरचे लाजेने मोर्चा काढत नाहीत. जे घर ओरडत नाही त्याच्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात रकानाच नाही. मी पंचेचाळीस वर्षे मतदान करते आहे आणि कर कधी बुडवलेला नाही. त्या मुलाच्या आईला काय सांगायचे, हे तरी मला एखाद्या जबाबदार माणसाने सांगावे.

माझ्या मागण्या फार नाहीत. मोजमाप झालेले आहे, त्याप्रमाणे जाळीचे अंदाजपत्रक करून मंजुरी द्यावी आणि काम पूर्ण होण्याची तारीख लेखी कळवावी. फलक या आठवड्यात उतरवावा आणि त्या जागी 14416 लिहावा. पोलीस ठाण्यांच्या वह्यांतील जागेची नोंद पूल आणि कालवे सांभाळणाऱ्या कार्यालयांना दर तीन महिन्यांनी मिळेल, असा आदेश काढावा. नव्या पुलाच्या आराखड्यातच कठड्याची उंची आणि जाळी यांचा खर्च धरावा, म्हणजे पुढे कोणा म्हातारीला तरतुदीसाठी पत्रे लिहावी लागणार नाहीत.

जाळी बसेपर्यंत आमच्या वाड्यातली काही माणसे पहाटे चार ते सहा पुलावर आळीपाळीने फेऱ्या मारत आहेत. बुधवारी आणि शनिवारी माझा भाऊ जातो. चौदा वर्षे तो पुलांवरून रिक्षेतही डोळे मिटून बसत असे. आता थर्मासमध्ये चहा घेऊन जातो. आम्ही बहुतेक सगळे साठीच्या पुढचे आहोत आणि थंडी वाढते आहे. आपले उत्तर लवकर यावे.

आपली,
दांडिया बाजार, बडोदे येथील एक नागरिक