सीपीआरमधले मामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकट आलं की कोल्हापूरकर घरात बसत नाही, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला. तेव्हा पेठापेठांतल्या तालमींची पोरं पाण्यात उतरली आणि घराघरांतून भाकऱ्यांच्या चळती बाहेर पडल्या. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण पूर ओसरतो. साध्या सोमवारी ज्याला आधार लागतो, त्याच्याकडं कोण बघतं? हा प्रश्न मला एका माणसामुळं पडला.

सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या इथल्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत हे गृहस्थ हजर असतात. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. नाव छापू नका असं त्यांनी निक्षून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. तिथं सगळे त्यांना मामाच म्हणतात.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पार चंदगडपासून माणसं इथं येतात. केसपेपर कुठं काढायचा, रक्त कुठं द्यायचं, एक्स-रेला कुठल्या दारानं जायचं, गर्दीत काही उमगत नाही. मामा पुढं होतात. "आज्जी, घाबरू नगासा. कागदं द्या बघू." मग खिशातल्या वहीचं पान फाडून आधी कुठं, नंतर कुठं ते ठळक अक्षरांत ओळीनं लिहून देतात. सगळ्यांत खाली परतीच्या गाडीची वेळ. ती ओळ वाचून आज्जीचा अर्धा जीव भांड्यात पडतो, कारण तिला आजारापेक्षा शेवटची एसटी चुकायची धास्ती जास्त असते.

एकदा एक तरुण बायकोला ॲडमिट करायला घेऊन आला होता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून (लोक अजून 'जीवनदायी'च म्हणतात) उपचार होतील, एवढंच त्याला गावात कळलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून जपून आणलेलं रेशनकार्ड मामांनी उघडून पाहिलं, तर त्यात बायकोचं नावच नव्हतं. लग्नानंतर चढवायचं राहून गेलेलं. पोरगा रडकुंडीला आला. मामांनी "होईल" असंही म्हटलं नाही आणि "होणार नाही" असंही नाही. त्याला थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी नेलं, आणखी काय कागद लागतील ते सगळं त्याच्यासमोर विचारून घेतलं आणि झेरॉक्स काढायला सोबत गेले.

त्यांचे नियम कडक आहेत. कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. औषधाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. ओळखीवर कुणाला रांगेत पुढं घुसवायचं नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत मोठा वाटतो. मदत म्हणजे वशिला, अशी आपल्याकडं समजूतच होऊन बसली आहे. मामा मात्र आज्जीला बाकावर बसवून तिच्या जागी स्वतः रांगेत उभे राहतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं काढली, म्हणून खेड्यातल्या पोरांना इथं हक्काची जागा मिळाली. खेड्यातून आलेला माणूस या शहरात परका पडू नये, ही आपली जुनी रीत आहे. मामा तीच चालवतात असं मला वाटतं.

त्यांचं बघून दिवाळीपासून मीही आठवड्यातली एक सकाळ तिथं जाते. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळं अर्ज भरून देणं, चिठ्ठी वाचून दाखवणं मला सहज जमतं. वाचता येत असूनही दवाखान्यात गोंधळून जाणारी माणसं पुष्कळ आहेत, हे मला तिथं कळलं. पहिल्या दिवशी मामांनी एकच गोष्ट बजावली होती: "बाई, रोज येऊ नका. पण जो वार धराल तो चुकवू नका."

रंकाळ्यावर सकाळी फिरणारे आपण किती तरी निवृत्त लोक आहोत. एसटी, बँक, कोर्ट, तहसील कचेरी, शाळा अशा ठिकाणी उभं आयुष्य काढलेले. कागदपत्रांची आपल्याला असलेली सवय तिथं फार मोलाची आहे. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करायचं असतं. त्यांतले थोडे तास महाविद्यालयांनी इकडं वळवावेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि तालीम मंडळांनी रुग्णालय प्रशासनाची रीतसर परवानगी घेऊन वार वाटून घ्यावेत. मामांचं वय झालंय, गुडघे कुरकुरतात, आणि एकट्यानं किती दिवस रेटायचं?

सोमवारी तिथं गर्दी जास्त असते. सुरुवात करायची तर आधी त्या दिवसासाठी माणसं हवी आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर